सोनेरी कार्डाचं भाडं

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाला आणि पनवेल, खारघर, कामोठ्याच्या सोसायट्यांमध्ये एका नव्या शहाणपणाची आवक वाढली. विमान दाराशी आलंच आहे, तर आता एक कंपनी धरा. चार पैसे जास्त पडले तरी तिच्याच विमानानं जा. तिचंच क्रेडिट कार्ड घ्या, वर्षाची फी भरा. वर्षअखेरीस पॉइंट कमी पडताहेत असं दिसलं, तर एखादी फेरी उगाच मारून या. मग सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या चढाल आणि घातलेल्या पैशांपेक्षा जास्त परत मिळेल. हा सल्ला देणारी माणसं मूर्ख नाहीत. त्यांतली बरीच आकडेमोडीत माझ्याहून सरस आहेत. कुठल्या बँकेचा पॉइंट कुठल्या विमान कंपनीत कोणत्या दरानं वळतो हे त्यांना तोंडपाठ असतं. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं थोडक्यात असं : ज्याच्या तिकिटाचे पैसे दुसरा भरतो, त्यानं स्टेटस मिळेल तेवढं घ्यावं. ज्याला ते पदरचे भरायचे आहेत, त्यानं स्टेटससाठी एक रुपया जादा मोजू नये. आणि पनवेलकरानं तर मुळीच नाही, कारण इतक्या वर्षांनी त्याच्या हाती जे आलंय, तेच स्टेटस त्याच्याकडून काढून घेतं.

हा सल्ला निघतो कुठून ते आधी पाहू. ज्यांच्याकडे खरोखर वरच्या श्रेणीची कार्डं आहेत, ते बहुतेक जण कंपनीच्या कामासाठी उडतात. सोमवारी पहाटे बेंगळुरू, गुरुवारी रात्री परत, मधल्या आठवड्यात दिल्ली. तिकीट कंपनीच्या खात्यातून निघतं, पॉइंट मात्र प्रवाशाच्या नावावर पडतात. आयजीच्या जीवावर बायजी उदार, हा या सगळ्या योजनेचा पाया आहे, आणि तो अपघातानं पडलेला नाही. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, कंपन्यांमध्ये भाडेयुद्ध सुरू झालं आणि महाग तिकीट घेणारा नोकरदार प्रवासी आपल्याकडे कसा टिकवायचा हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी ‘ॲडव्हांटेज’ नावाची योजना आणली. तिच्यातली हुशारी अशी, की भाडं भरतो मालक आणि बक्षीस मिळतं नोकराला. त्यामुळे नोकर स्वस्त विमान शोधेनासा होतो. दुसऱ्याच्या पैशानं उडणाऱ्यासाठी घडवलेलं हे हत्यार आहे. जो स्वतःच्या पैशानं उडतो, तो यात शिरला की मालकही तोच आणि नोकरही तोच. एका हातानं जादा भाडं भरायचं आणि दुसऱ्या हातानं त्याचाच तुकडा बक्षीस म्हणून घ्यायचा.

आमच्या भागात याचं आणखी एक रूप दिसतं. उरण, पनवेल, नेरूळ या पट्ट्यात मर्चंट नेव्हीतली घरं बरीच. जहाजावर रुजू व्हायला किंवा तिथून सुटून घरी यायला ही मंडळी जगभर उडतात. तिकीट जहाज कंपनी काढते आणि खलाशांच्या खास भाड्यात सामानाची मुभाही जास्त असते. अशा एखाद्या चीफ इंजिनिअरकडे गोल्ड कार्ड असतं तेव्हा त्यानं त्याची काहीच किंमत मोजलेली नसते. प्रश्न निर्माण होतो तो त्याच्या मेहुण्यामुळे. मेहुण्याचं कळंबोलीला स्टीलचं दुकान आहे, वर्षाकाठी काही वेळा तो दिल्लीला किंवा रायपूरला जातो, आणि दाजींकडचं कार्ड पाहून ते आपल्याकडेही हवं असं त्याला वाटू लागतं. हा लेख मेहुण्यासाठी आहे.

आता सल्ला देणाऱ्यांचा हिशेब घेऊ, कारण तो कागदावर अगदी बरोबर दिसतो. धरा, मेहुणा वर्षात बारा वेळा जाऊन-येऊन प्रवास करतो, म्हणजे चोवीस उड्डाणं. एकाच कंपनीला चिकटून राहिल्यामुळे प्रत्येक उड्डाणामागे सरासरी सातशे रुपये जास्त गेले, असं समजू. झाले १६,८००. कार्डाची वार्षिक फी पाच हजार, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. पॉइंट भरून काढायला मारलेली एक निरर्थक फेरी सहा हजारांची. एकूण २८,७००. आता जमेची बाजू. चोवीस वेळा हवी ती सीट मोफत, दर वेळी साडेतीनशे धरले तर ८,४००. लाउंजला बारा भेटी, हजारानं १२,०००. जादा सामानाची सवलत चार वेळा वापरली, अडीच हजारानं १०,०००. बेरीज ३०,४००. म्हणजे सतराशे रुपये नफा, आणि वर कार्डाची ऐट मोफत! मेहुणा खूश.

यातला प्रत्येक जमेचा आकडा कंपनीनं लावलेल्या किमतीचा आहे. मेहुण्यानं स्वतः होऊन तेवढे पैसे दिले असते का, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. सीटसाठी त्यानं चोवीस वेळा पैसे मोजले नसते. बायको-मुलं बरोबर असताना चार वेळा मोजले असते. म्हणजे १,४००. लाउंज नसतं तर विमानतळावर त्यानं चहा आणि सँडविच घेतलं असतं, तीनशेचं. बारा वेळचे ३,६००. जादा सामान त्याच्याकडे खरोखर एकदाच होतं, पुतण्याच्या लग्नाच्या वेळी. बाकी तीन वेळा सवलत आहे म्हणून बॅग भरली. २,५००. बेरीज साडेसात हजार. खर्च २८,७०० तसाच राहतो. सतराशेच्या नफ्याच्या जागी एकवीस हजारांच्या वर तोटा निघतो. माझे आकडे बदलून पाहा, भाडी तुमच्या मार्गाची घाला. उत्तर कमी-जास्त होईल, पण ‘छापील किंमत’ आणि ‘मी दिली असती ती किंमत’ यांतला फरक नाहीसा होणार नाही. पॉइंटांचं काय, असं कुणी विचारेल. मूळ पॉइंट श्रेणी नसलेल्या साध्या सदस्यालाही मिळतातच. स्टेटसनं मिळते ती त्यावरची थोडी भर.

शिवाय या छापील किमती आल्या कुठून? पूर्वी सीट तिकिटातच यायची. जेवण यायचं. सामान जास्त नेता यायचं. मग नियामकानं या सेवा वेगळ्या विकायला परवानगी दिली आणि कंपन्यांनी तिकीट सोलून एकेक पापुद्रा वेगळा विकायला काढला. आता तेच पापुद्रे पुन्हा जोडून ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून दिले जातात. आपल्याच घरातून नेलेली वस्तू आपल्यालाच भेट म्हणून मिळाली की आपण आभार मानावेत, अशी अपेक्षा असते.

लाउंजवर मी फार शाई खर्च करणार नाही. ज्यानं गेल्या दोन-तीन वर्षांत मुंबईच्या टर्मिनल दोनवर सकाळी सहा वाजता लाउंजबाहेरची रांग पाहिली आहे, त्याला सांगायला नको. साध्या डेबिट कार्डावर नाममात्र दोन रुपयांत आत सोडण्याची सोय लोकांनी इतकी वापरली, की बँकांना ‘गेल्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच’ अशा अटी घालाव्या लागल्या. प्राधान्यानं विमानात चढण्याचंही तसंच. आपल्याकडे बऱ्याचदा विमानापर्यंत बस नेते. गोल्डवाला पहिल्या बसमध्ये पहिला चढतो, ती भरेपर्यंत दांडा धरून उभा राहतो, आणि विमानाशी दार उघडलं की दाराजवळचे शेवटी चढलेले लोक त्याच्या आधी शिडीवर असतात. विमान सगळ्यांना घेऊन एकाच वेळी सुटतं, हे तर सोडाच.

त्यांचा सर्वात वजनदार मुद्दा वेगळा आहे आणि तो मी मान्य करूनच पुढे जाणार आहे. ते म्हणतात, सगळं सुरळीत असताना स्टेटसचा उपयोग नसेलही. विमान रद्द होतं, जोडविमान चुकतं, तेव्हा स्टेटस कामाला येतं. वेगळा फोन नंबर, प्रतीक्षायादीत वरचा क्रमांक, पुढच्या विमानात आधी सोय. हे खरं आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांमध्ये तर नक्कीच खरं आहे. फ्रँकफर्टला बर्फ पडून विमानं अडकली तर स्टार अलायन्सच्या गोल्ड सदस्याचं काम आधी होतं, आपलं नंतर.

पण डिसेंबर २०२५चा पहिला आठवडा आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले, त्या हिशेबानं इंडिगोकडे वैमानिक पुरेसे नव्हते, आणि देशांतर्गत बाजाराचा सुमारे पासष्ट टक्के हिस्सा असलेली ही कंपनी काही दिवस कोलमडली. ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. या कंपनीची ‘ब्लूचिप’ योजना वर्षभरापूर्वीच सुरू झाली होती. ब्लू-३, ब्लू-२, ब्लू-१ अशा पायऱ्या. त्या आठवड्यात सर्वात वरची पायरी चढलेल्याला काय मिळू शकत होतं? रद्द झालेल्या विमानात प्राधान्यानं चढता येत नाही. पुढच्या विमानात आधी सोय म्हणावी तर पुढचंही रद्द. सुटकेचा मार्ग होता दुसऱ्या कंपनीचं तिकीट, आणि त्याचे दर इतके भडकले की ६ डिसेंबरला सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली : पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, दीड हजार किलोमीटरच्या पुढे अठरा हजार. रेल्वेनं गाड्यांना जादा डबे जोडले. कंपनीनं तीव्र फटका बसलेल्यांना दहा हजारांची व्हाउचरं जाहीर केली, त्यांचा आधार झालेला त्रास हा होता, प्रवाशाची श्रेणी नव्हे. म्हणजे संकटात उपयोगी पडलं ते काय? दुसऱ्या तिकिटाइतके हाताशी असलेले पैसे, जे मेहुण्यानं वर्षभर स्टेटसवर घातले होते. आणि पनवेलकराला तर आणखी एक दार उघडं असतं. पनवेल हे रेल्वेचं जंक्शन आहे. कोकणात, गोव्याला, पुण्याला, केरळला, दिल्लीला इथून गाडी मिळते. या जंक्शनसाठी कसलीही श्रेणी लागत नाही.

याच मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो, जी स्टेटसवाले कधी सांगत नाहीत. विमान कंपनीनं उशिरा कळवून उड्डाण रद्द केलं आणि कारण तिच्या आवाक्याबाहेरचं नसेल, तर उड्डाणाच्या अवधीप्रमाणे दहा हजारांपर्यंत भरपाई द्यावी लागते. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकून तुम्हाला चढू दिलं नाही आणि चोवीस तासांत दुसरी सोय केली नाही, तर वीस हजारांपर्यंत. देशांतर्गत प्रवासात वरच्या वर्गाचं तिकीट असताना खाली बसवलं, तर तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत. हा नियम २०२३चा. ज्येष्ठांना चालता येत नसेल तर व्हीलचेअर विनाशुल्क. हे सगळं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे आणि पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजींनाही तितकंच लागू आहे. काउंटरवर उभं राहून हे नियम क्रमांकासह सांगता येणं, ही माझ्या मते गोल्ड कार्डापेक्षा जास्त कामाची गोष्ट आहे. ती फुकट आहे, म्हणून तिच्यासाठी कुणी योजना काढत नाही.

आता स्टेटस म्हणजे नेमकं काय विकत घेतलं जातं, ते पाहू. पनवेल तालुक्यातल्या माणसाला हे समजायला सोपं जावं, कारण जमीन आणि कागद यांतला फरक त्याच्या घराण्यानं अनुभवलेला असतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं जमिनी घेतल्या, १९८४च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, दि. बा. पाटलांनी लढा लावून धरला, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व पदरात पडलं. विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, गणेशपुरी, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली, तेव्हा तो हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला. त्या भूखंडाबद्दल तक्रारी असंख्य आहेत, पण तो भूखंड आहे. विकता येतो, वारसाला जातो, सिडकोच्या मनात आलं म्हणून पुढच्या वर्षी तो साडेनऊ टक्के होत नाही. स्टेटस यातलं काहीच नाही. ते विकता येत नाही. वारसाला जात नाही. बारा महिन्यांनी पुन्हा शून्यापासून कमवावं लागतं. त्याचे निकष, त्याचे फायदे, त्याचं नाव, सगळं एकतर्फी बदलण्याचा हक्क कंपनीनं स्वतःकडे ठेवलेला असतो. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्सही यापेक्षा बरं; त्यात निदान घरमालक मध्येच खोलीची भिंत आत सरकवत नाही.

हे काल्पनिक नाही. जेट एअरवेजचं प्लॅटिनम कार्ड दोन दशकं मुंबईच्या नोकरदार वर्गाचं भूषण होतं. विमानं १९९३पासून उडत होती, ‘जेटप्रिव्हिलेज’ ही देशातली सर्वात नावाजलेली योजना होती. २०१४ साली तिच्यातला ५०.१ टक्के हिस्सा अबूधाबीच्या एतिहादनं १५ कोटी डॉलरना घेतला आणि योजना वेगळी कंपनी म्हणून चालू लागली. १७ एप्रिल २०१९च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं. पुढे काय झालं ते फार बोलकं आहे : योजना वेगळ्या कंपनीत असल्यामुळे मैल जगले, ‘इंटरमाइल्स’ असं नवं नाव घेऊन दुकानांत आणि हॉटेलांत वापरले जाऊ लागले. विमानातलं स्टेटस मात्र त्याच रात्री गेलं. प्लॅटिनमवाल्याला ज्या विमानात आधी चढायचं होतं, ते विमानच उरलं नव्हतं. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनी विसर्जित करण्याचा आदेश दिला. त्याआधी किंगफिशर. फेब्रुवारी २०१२मध्ये ती ‘वनवर्ल्ड’ या जागतिक गटात जाणार होती, ‘किंग क्लब’च्या सदस्यांना जगभरची लाउंजं उघडणार होती, प्रवेश ऐनवेळी बारगळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमानं जमिनीवर बसली. विस्ताराचं नशीब बरं. १२ नोव्हेंबर २०२४ला ती एअर इंडियात विलीन झाली आणि ‘क्लब विस्तारा’चे पॉइंट व श्रेणी ‘महाराजा क्लब’मध्ये गेल्या. तरीही ज्यानं विस्ताराची सेवा आवडली म्हणून तिथे श्रेणी कमावली होती, त्याच्या हाती ती श्रेणी दुसऱ्याच कंपनीची म्हणून आली. म्हणजे गेल्या पंधरा वर्षांत पूर्ण सेवा देणाऱ्या ज्या चार भारतीय कंपन्यांवर माणसानं निष्ठा ठेवावी, त्यांतली स्वतःच्या नावानं आज एकच शिल्लक आहे.

‘अहो, ही आपल्याकडची गोष्ट, परदेशी कंपन्या भरवशाच्या असतात,’ असं इथे हमखास कुणीतरी म्हणतं. मग अमेरिकन एअरलाइन्सकडेच परत जाऊ. १९८१ सालीच तिनं आजन्म पास विकायला काढला : अडीच लाख डॉलर भरा आणि पहिल्या वर्गातून हवं तेवढं, मरेपर्यंत उडा. स्टेटस विकत घेण्याचा याहून शुद्ध व्यवहार जगात झाला नसेल. काहींनी घेतला आणि शब्दशः घेतला. रोज उठून विमानात बसू लागले. पंचवीस वर्षांनी कंपनीनं हिशेब मांडला, हे ग्राहक फार महाग पडतात असं तिच्या लक्षात आलं, आणि २००८मध्ये गैरवापराचा ठपका ठेवून त्यांतल्या काहींचे पास रद्द केले. प्रकरण कोर्टात गेलं. डेल्टाचं तर अलीकडचंच : सप्टेंबर २०२३मध्ये तिनं श्रेणी मिळवण्याच्या अटी इतक्या कडक केल्या की निष्ठावंतच खवळले; शेवटी जरा जास्तच झालं असं म्हणत प्रमुखांना काही पावलं मागे घ्यावी लागली. काही पावलं. सगळी नव्हेत.

या योजनांची खरी किंमत कळली ती कोविडमध्ये. २०२० साली विमानं जमिनीवर होती आणि कंपन्यांना कर्ज हवं होतं. युनायटेडनं तारण ठेवली ती आपली ‘मायलेजप्लस’ योजना, आणि तिचं मूल्य लावलं सुमारे २२ अब्ज डॉलर. त्या वेळी शेअर बाजारात सगळ्या कंपनीचं मोल त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. डेल्टानं आपल्या योजनेवर ९ अब्ज डॉलर उभे केले. विमान चालवण्याच्या धंद्यापेक्षा पॉइंट छापण्याचा धंदा मोठा, हे सावकारांनी अधिकृतपणे मान्य केलं. हे पॉइंट बँका घाऊक विकत घेतात आणि कार्डावर वाटतात. एकट्या अमेरिकन एक्सप्रेसकडून डेल्टाला वर्षाला ७ अब्ज डॉलरच्या वर मिळतात. आता मला सांगा, ज्या खिडकीत नोटा छापणारा, दर ठरवणारा आणि नोट केव्हा रद्द होणार हे सांगणारा एकच माणूस बसलाय, तिथे पनवेलचा स्टीलवाला त्याच्यावर कुरघोडी करून नफा काढणार? जे थोडे लोक काढतात, ते हा पूर्णवेळ छंद म्हणून करतात. त्यांच्या वेळेचा मोबदला लावला तर तोही नफा उरत नाही. छंद म्हणून मला काही म्हणायचं नाही. लोक पोस्टाची तिकिटंही जमवतात.

आता मूळ मुद्दा, जो पनवेलचा आहे. वर्षानुवर्षं इथल्या माणसाला विमान पकडायचं म्हणजे मुंबईच्या सहार विमानतळापर्यंत चाळीसेक किलोमीटर जाणं. सायन-पनवेल महामार्ग, वाशीचा पूल, मानखुर्द, छेडानगर, कुर्ल्याचा गुंता. पहाटेच्या विमानासाठी रात्री अडीचला घर सोडणं. आता उलव्याला विमानतळ आहे. पहिल्याच टर्मिनलची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. सुरुवातीला वेळ सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच होती आणि आलेल्या कंपन्या होत्या इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि स्टार एअर. म्हणजे बहुतांशी स्वस्त भाड्याच्या. यांतली एकही कंपनी तुम्हाला जगभरच्या लाउंजांत नेणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची स्वतंत्र सदस्य नाही. ज्या स्टेटसची खरी किंमत आहे, ते एअर इंडियाच्या मुख्य सेवेचं, कारण ती २०१४पासून स्टार अलायन्समध्ये आहे. किंवा मग सिंगापूर, लुफ्थान्सा, एमिरेट्स यांचं. या सगळ्यांचा पसारा सहारला.

म्हणजे पनवेलकर पैसे खर्चून जे स्टेटस घेईल, ते त्याला घराजवळच्या विमानतळाकडे पाठ फिरवून सहारला पाठवणार. गोल्ड टिकवायचं म्हणून तो दहा-बारा किलोमीटरवरचं सोयीचं, स्वस्त विमान सोडणार, टॅक्सीला पंधराशे-दोन हजार देणार, छेडानगरला अर्धा तास उभा राहणार, आणि लाउंजमध्ये बसून स्वतःला सांगणार की आपण फायद्यात आहोत. आणि त्यानं इथल्याच एखाद्या कंपनीची श्रेणी धरली, तरी नुकसान दुसऱ्या बाजूनं होतं. दोन विमानतळ झाल्यामुळे प्रथमच त्याला निवड मिळाली आहे. एकाच दिवशी बेंगळुरूला जाणारी चार-पाच विमानं, दोन ठिकाणांहून, वेगवेगळ्या दरांत. ही चढाओढ टिकून भाडी आवाक्यात राहतील ती केव्हा? प्रवासी दर वेळी सगळी यादी पाहून निवडत असेल तेव्हा. स्टेटसचा एकमेव हेतू त्यानं यादी पाहू नये हा आहे.

मानाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण हिशेब चुकला की वाद तिथेच येऊन थांबतो. ‘पैशाचं सोडा हो, नावानं हाक मारतात, बरं वाटतं.’ वाटत असेल. त्यात वाईट काही नाही. पण मग ते मानासाठी केलेला खर्च म्हणून लिहावं. मुलीच्या लग्नातल्या बँडबाजाला आपण गुंतवणूक म्हणत नाही. आणि तो मान विमानातून उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापर्यंतच टिकतो. रिक्षावाल्याला गोल्ड कळत नाही.

एक अपवाद मला खरोखर विचार करायला लावतो. मुलं अमेरिकेत किंवा जर्मनीत आहेत, आईवडील वर्षातून एकदा जातात, आणि स्टार गोल्ड असेल तर एक बॅग जादा नेता येते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, नातवाचे कपडे. या बॅगेची किंमत वजनकाट्यावर होत नाही हे मला मान्य आहे. पण अमेरिकेच्या तिकिटात बहुधा दोन बॅगा येतातच, आणि वर्षातून एकदा लागणारी तिसरी बॅग पैसे भरून नेता येते. एका बॅगेसाठी वर्षभराची बांधिलकी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मुलगा तिकडे कंपनीच्या खर्चानं उडत असेल, तर त्यानं आपल्या पॉइंटांतून आईवडिलांचं तिकीट काढावं. हा या योजनांचा मला माहीत असलेला सर्वात शहाणा उपयोग आहे, आणि त्यात आईवडिलांना कुठलीही पायरी चढावी लागत नाही.

तरीही ज्याला घ्यायचंच आहे, त्यानं कार्डाचा अर्ज भरण्याआधी योजनेच्या अटींचं पान उघडावं. फायद्यांची रंगीत यादी नको. बारीक अक्षरांतल्या अटी. त्यांत कुठेतरी असं कलम असतंच, की कंपनी ही योजना, तिच्या श्रेणी, निकष आणि लाभ हवे तेव्हा बदलू किंवा बंद करू शकते. ते कलम सापडलं की त्याचा फोटो काढून सल्ला देणाऱ्या दाजींना पाठवावा, आणि पुढच्या वर्षीच्या फायद्याचा आकडा त्यांच्याकडून एका कागदावर सहीनिशी लिहून मागावा.